हरवलेला ससा आणि परीकथांची तिजोरी

१९२८ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या रेल्वेगाडीत २६ वर्षांचा एक चित्रकार पत्नीसह परतीचा प्रवास करीत होता. आपल्या कार्टूनपटांसाठी वितरकाकडून थोडे अधिक पैसे मागावेत, एवढ्याच हेतूने तो न्यूयॉर्कला गेला होता. परतताना ती कार्टूनेच त्याच्या हाती उरली नव्हती. ज्या सशाच्या करामतींनी त्याला नाव मिळवून दिले, तो ‘ओस्वाल्ड’ कराराप्रमाणे युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीचा होता आणि स्टुडिओतील बहुतेक चित्रकारांना वितरकाने परस्पर आपल्याकडे वळवून घेतले होते. या तरुणाचे नाव वॉल्ट डिस्ने. याच प्रवासात मिकी माऊसचा जन्म झाला, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. ती खरी असो वा नसो, या प्रसंगातून डिस्ने यांनी घेतलेला धडा मात्र निर्विवाद आहे. आपण घडवलेल्या कलाकृतीची मालकी यापुढे दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, हा तो धडा.

एखादा जुना अॅनिमेशनपट अचानक डीव्हीडीवर नव्या रूपात का येतो, वर्षभरात दुकानांतून नाहीसा का होतो आणि त्याच कंपनीचा दुसरा एखादा चित्रपट कधीच का मिळत नाही, हे कोडे जगभरच्या प्रेक्षकांना अनेक वर्षे पडत आले. वरवर पाहता हा विक्री विभागाचा कारभार. परंतु कोणता चित्रपट तिजोरीतून केव्हा बाहेर काढायचा, याचे बहुतेक नियम डिस्ने यांच्याच हयातीत, तेही संकटांच्या रेट्याने तयार झाले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा घरगुती व्हिडिओ कॅसेटचा बाजार अस्तित्वात नव्हता आणि डीव्हीडी अमेरिकेत यायला आणखी ३१ वर्षे अवकाश होता. तरीही या तबकड्यांच्या यादीवर त्यांच्याच आयुष्याची छाप राहिली.

वॉल्टर इलियास डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. वडील इलियास हे कष्टाळू, कडक शिस्तीचे आणि सतत नव्या धंद्याच्या शोधात असलेले गृहस्थ. १९०६ मध्ये हे कुटुंब मिसुरी राज्यातील मार्सेलीन या छोट्या गावी शेतीसाठी गेले. झाडे, गुरे आणि रेल्वेचे रूळ यांच्या सहवासात गेलेली तेथील चार-पाच वर्षे वॉल्ट जन्मभर विसरला नाही. शेती परवडेना, तेव्हा वडिलांनी ती विकली आणि १९११ मध्ये कॅन्सस सिटी शहरात वृत्तपत्र वितरणाचा ठेका घेतला. वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय यांच्यावर पहाटे उठून घरोघरी अंक टाकण्याचे काम आले. हिवाळ्यात गुडघाभर बर्फातून वाट काढावी लागे. या कामाचा मोबदला वडील मुलांना देत नसत. एखाद्या घरी अंक टाकायचा राहून गेला, अशी स्वप्ने वॉल्टला पुढे प्रौढ वयातही पडत.

त्या कष्टाच्या दिवसांनी त्याला एक देणगीही दिली. १९१७ च्या प्रारंभी कॅन्सस सिटीतील भव्य सभागृहात वृत्तपत्रे विकणाऱ्या मुलांसाठी एक मूकपट विनामूल्य दाखवण्यात आला. तो होता मार्गरीट क्लार्क या अभिनेत्रीचा ‘स्नो व्हाइट’. हिमगौरी आणि सात बुटक्यांची ती कथा पंधरा वर्षांच्या वॉल्टच्या मनात कायमची रुतली. दोन दशकांनंतर याच कथेने त्याला जगप्रसिद्ध केले आणि पुढे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परतही आणले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वय कमी असतानाही वॉल्ट रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाला. तो फ्रान्सला पोहोचला तेव्हा युद्ध संपले होते. १९१९ मध्ये कॅन्सस सिटीला परतल्यावर एका जाहिरात चित्रशाळेत त्याची गाठ अब आयवर्क्स या समवयस्क चित्रकाराशी पडली. आयवर्क्स यांचा हात विलक्षण वेगवान होता, तर डिस्ने यांच्याकडे कल्पना आणि धडाडी होती. १९२२ मध्ये स्थापन झालेली डिस्ने यांची ‘लाफ-ओ-ग्राम’ ही कंपनी वर्षभरातच बुडाली. १९२३ च्या उन्हाळ्यात डिस्ने हॉलिवूडला गेले. तेथे रॉय यांच्या भागीदारीत १६ ऑक्टोबर १९२३ रोजी ‘डिस्ने ब्रदर्स’ स्टुडिओ उभा राहिला. जिवंत मुलगी आणि रेखाटलेली पात्रे यांचा मेळ घालणारी ‘अॅलिस’ मालिका, त्यानंतर १९२७ मध्ये ‘ओस्वाल्ड’ हा ससा आणि पाठोपाठ न्यूयॉर्कमधील तो आघात, असा हा क्रम होता. सगळे सोडून जात असताना आयवर्क्स मात्र त्यांच्याबरोबर राहिले.

मिकी माऊस या दोघांच्या एकत्रित प्रयत्नांतून साकारला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात ‘स्टीमबोट विली’ झळकला. चित्र आणि ध्वनी यांचा त्यातील अचूक मेळ पाहून प्रेक्षक थक्क झाले. या वेळी मिकीची मालकी पूर्णतः डिस्ने बंधूंकडे होती. १९३२ मध्ये ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या लघुपटाद्वारे त्यांनी तीन रंगांची टेक्निकलर पद्धत कार्टूनमध्ये आणली आणि ऑस्कर पटकावले. मालकीचा आग्रहही तितकाच पक्का होता. त्या काळात त्यांच्या लघुपटांचे वितरण करणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने नव्या करारात दूरचित्रवाणीच्या हक्कांची मागणी केली. हे माध्यम तेव्हा प्रयोगशाळेच्या फारसे बाहेर पडलेले नव्हते. तरीही जे अजून जन्मालाच आलेले नाही त्याचे हक्कही सोडायचे नाहीत, अशी भूमिका घेऊन डिस्ने बंधूंनी वितरक बदलला आणि आरकेओ कंपनीशी करार केला. ओस्वाल्डच्या सशाने शिकवलेला धडा असा फळाला आला.

त्यानंतर डिस्ने यांनी सर्वस्व पणाला लावले. पूर्ण लांबीचे कार्टून कोणी पाहणार नाही, ही हॉलिवूडची खात्री होती. ‘स्नो व्हाइट’च्या निर्मितीला चित्रसृष्टीतील मंडळी डिस्नेचा वेडेपणा म्हणू लागली. खर्च वाढत वाढत सुमारे १५ लाख डॉलरवर गेला. घर गहाण पडले आणि बँक ऑफ अमेरिकेचे कर्ज घ्यावे लागले. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा कसलेले अभिनेतेही डोळे पुसताना दिसले. पहिल्याच फेरीत चित्रपटाने सुमारे ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला. १९३९ मध्ये डिस्ने यांना एक मोठे आणि सात चिमुकली, असे विशेष ऑस्कर बाहुले बाल अभिनेत्री शर्ली टेंपलच्या हस्ते देण्यात आले. या यशावर मात्र दुःखाची सावली पडली होती. मुलांनी आईवडिलांसाठी घेतलेल्या नव्या घरात तापयंत्रातील विषारी वायूमुळे नोव्हेंबर १९३८ मध्ये आई फ्लोरा यांचा मृत्यू झाला. डिस्ने यांनी हा विषय नंतर कधी काढू दिला नाही.

‘स्नो व्हाइट’च्या कमाईतून बरबँक येथे प्रशस्त स्टुडिओ बांधण्यात आला आणि एकाच वेळी अनेक महत्त्वाकांक्षी चित्रपट हाती घेण्यात आले. पण युरोपात युद्धाचा भडका उडाला आणि परदेशी उत्पन्नाचा मोठा वाटा एकाएकी बंद पडला. १९४० मध्ये प्रदर्शित झालेले ‘पिनोकिओ’ आणि ‘फॅन्टेसिया’ हे दोन्ही चित्रपट प्रत्येकी २० लाख डॉलरहून अधिक खर्चाचे होते. दोघांनीही खर्च भरून दिला नाही. ‘फॅन्टेसिया’वर डिस्ने यांचा विशेष जीव होता. पाश्चात्त्य अभिजात संगीताला चित्रांची जोड देणारा हा चित्रपट दरवर्षी नवे भाग घालून पुनःपुन्हा प्रदर्शित करावा, जणू एखाद्या संगीत मैफलीप्रमाणे तो सतत ताजा ठेवावा, ही त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात वितरकाने १९४२ मध्ये दोन तासांहून मोठा हा चित्रपट ८१ मिनिटांवर आणून दुय्यम खेळांत दाखवला.

१९४० मध्ये भांडवलासाठी समभाग लोकांना विकावे लागले. मे १९४१ मध्ये स्टुडिओतील कलावंतांनी संप पुकारला. तुटपुंजे वेतन, मनमानी बढत्या आणि श्रेयनामावलीत नाव नसणे या तक्रारी साचल्या होत्या. आपल्या कर्मचाऱ्यांना कुटुंबीय समजणाऱ्या डिस्ने यांना हा संप विश्वासघात वाटला. संपकऱ्यांना तो न्यायाचा प्रश्न वाटत होता. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि अनेक गुणी कलावंत कायमचे दुरावले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डिस्ने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना वडिलांचेही निधन झाले. डिसेंबरमध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सैनिकांची एक तुकडी थेट स्टुडिओच्या आवारात मुक्कामाला आली. १९४२ चा ‘बाम्बी’ही पहिल्या फेरीत तोट्यात गेला. बँकेचे कर्ज ४० लाख डॉलरच्या वर पोहोचले. स्टुडिओ सैन्यासाठी प्रशिक्षणपट आणि सरकारसाठी प्रचारपट तयार करून तग धरीत होता. नवा मोठा चित्रपट काढण्याइतके बळ उरले नव्हते.

अशा वेळी कंपनीला तिजोरीतील हिमगौरीची आठवण झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘स्नो व्हाइट’ अमेरिकी चित्रपटगृहांत पुन्हा झळकला. निर्मितीचा खर्च केव्हाच वसूल झाला होता. नव्या प्रती आणि जाहिराती यांपलीकडे फारसा खर्च नव्हता. चित्रपटगृहे पुन्हा भरली आणि कंपनीला अत्यंत गरजेच्या वेळी रोख पैसा मिळाला. त्या काळात जुना चित्रपट म्हणजे शिळा माल मानला जाई. वेशभूषा जुनी होते, नटनट्या म्हाताऱ्या होतात, संवादांची धाटणी मागे पडते. परंतु रेखाटलेल्या राजकन्येचे वय वाढत नाही. शिवाय पहिल्या खेळानंतर सहा-सात वर्षांत ती कथा कधीही न पाहिलेली मुलांची संपूर्ण नवी पिढी तयार झालेली असते आणि त्यांना घेऊन येणाऱ्या पालकांच्या मनात पहिल्या वेळची आठवण ताजी असते.

दर सात वर्षांच्या आसपास एकेक चित्रपट बाहेर काढण्याच्या प्रथेचा पाया येथे घातला गेला. ‘पिनोकिओ’ १९४५ मध्ये, ‘फॅन्टेसिया’ १९४६ मध्ये आणि ‘बाम्बी’ १९४७ मध्ये परत आला. आधी तोट्यात गेलेल्या ‘बाम्बी’ने या फेरीत नफा दाखवला. ‘स्नो व्हाइट’ पुढे १९५२, १९५८, १९६७, १९७५, १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये प्रदर्शित होत राहिला. मधल्या काळात तो कुठेही पाहायला मिळू नये, हे या प्रथेचे मर्म होते. दुर्मीळतेमुळेच त्याची ओढ टिकून राहत असे.

१९५० च्या ‘सिंडरेला’ने स्टुडिओला पुन्हा पायावर उभे केले. १९५३ मध्ये डिस्ने बंधूंनी ‘ब्युएना व्हिस्टा’ ही स्वतःची वितरण कंपनी काढली. त्यामुळे पुनःप्रदर्शनाच्या उत्पन्नात परक्याचा वाटा उरला नाही आणि कोणता चित्रपट केव्हा आणायचा हा निर्णयही पूर्णपणे घरातच आला. दुसऱ्याच वर्षी तिजोरीचे दोन कप्पे झाले. डिस्नेलँड या उद्यानासाठी भांडवल हवे होते, म्हणून डिस्ने यांनी एबीसी वाहिनीशी करार करून ऑक्टोबर १९५४ पासून दर आठवड्याला तासाभराचा कार्यक्रम सुरू केला. त्यात जुन्या चित्रांचाही वापर होणार होता. पण कोणत्या? १९५१ मध्ये न चाललेला ‘अॅलिस इन वंडरलँड’ कापून छोट्या पडद्यावर दाखवण्यात आला. १९४१ चा छोटेखानी ‘डम्बो’ही त्याच वाटेने गेला. ‘स्नो व्हाइट’, ‘सिंडरेला’ किंवा ‘बाम्बी’ मात्र पूर्ण स्वरूपात कधीच दिले गेले नाहीत. ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढतील ते कुलपात आणि उरलेले जाहिरातीपुरते बाहेर, असा हा हिशेब होता.

तिजोरीतून बाहेर पडणारा चित्रपट नेहमी जसाच्या तसा येत असे असेही नाही. १९३३ च्या ‘थ्री लिटल पिग्ज’ या लघुपटात लांडगा ज्यू फेरीवाल्याच्या वेशात दारावर येतो. ज्यू समाजाची टिंगल करणारे ते दृश्य १९४८ च्या पुनःप्रदर्शनापूर्वी नव्याने रेखाटण्यात आले. ‘फॅन्टेसिया’तील सेवा करणारी कृष्णवर्णीय पात्रे १९६० च्या दशकात, नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, काढून टाकण्यात आली. आणि एक चित्रपट असा होता, की ज्याला कापून सुधारणे शक्यच नव्हते.

तो म्हणजे १९४६ चा ‘साँग ऑफ द साउथ’. यादवी युद्धानंतरच्या दक्षिण अमेरिकी संस्थानांतील एका मळ्यावर गोष्टी सांगणारा वृद्ध कृष्णवर्णीय अंकल रेमस, ही त्याची मध्यवर्ती व्यक्तिरेखा. ती साकारणारे जेम्स बॅस्केट अटलांटातील पहिल्या खेळाला जाऊ शकले नाहीत, कारण त्या शहरात वर्णभेदाचे कायदे लागू होते. १९४८ मध्ये त्यांना विशेष ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. मालक आणि मजूर यांच्यातील नात्याचे गोडगुलाबी चित्र रंगवल्याबद्दल कृष्णवर्णीयांच्या संघटनेने चित्रपटावर टीका केली होती. तरीही तो १९५६, १९७२, १९७३, १९८० आणि १९८६ मध्ये पुन्हा दाखवण्यात आला. त्यानंतर अमेरिकेतील त्याचा प्रवास थांबला.

डिस्ने यांच्या अखेरच्या दशकात भारताशी त्यांच्या परंपरेचा एक धागा जुळला. त्यांच्या स्टुडिओत काम केलेले अॅनिमेटर क्लेअर वीक्स १९५६ च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी तेथील कार्टून विभागातील तरुणांना प्रशिक्षण दिले. जातककथेवर आधारित ‘द बनियन डिअर’ हा अॅनिमेशनपट त्यातून तयार झाला. भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हणून ओळखले जाणारे राम मोहन हे याच तुकडीत घडले. खुद्द डिस्ने यांनी जातीने लक्ष घातलेला अखेरचा मोठा अॅनिमेशनपट ‘द जंगल बुक’ हाही मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या पुस्तकावर बेतलेला. त्याच्या कथेतील सिवनीचे अरण्य नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या खोऱ्यात येते. तो चित्रपट पूर्ण झालेला पाहणे डिस्ने यांच्या नशिबी नव्हते. आयुष्यभराच्या सिगारेटच्या सवयीनंतर झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी, पासष्टी पूर्ण झाल्यावर दहा दिवसांनी, स्टुडिओसमोरच्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. पुढच्या उन्हाळ्यात ‘स्नो व्हाइट’ पुन्हा चित्रपटगृहांत आला. जणू घरच्या माणसाने मागे ठेवलेली शिल्लकच कामी आली.

रॉय डिस्ने १९७१ मध्ये गेले. तिजोरीच्या किल्ल्या आता त्यांच्या हयातीत ठरलेल्या नियमांकडे होत्या. १९७६ मध्ये कंपनीने युनिव्हर्सलच्या साथीने सोनी कंपनीच्या बेटामॅक्स व्हिडिओ यंत्राविरुद्ध दावा लावला. घरोघरी चित्रपट ध्वनिमुद्रित होऊ लागले, तर सात वर्षांच्या चक्राला अर्थच राहणार नव्हता. ओस्वाल्ड ज्या कंपनीकडे गेला, तिच्याच खांद्याला खांदा लावून डिस्ने कंपनी न्यायालयात उभी राहिली, हाही नियतीचा खेळ. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला.

तोपर्यंत कंपनीने स्वतःच कॅसेटच्या बाजारात सावध पाऊल टाकले होते. १९८१ मध्ये आधी आले ते ‘डम्बो’ आणि ‘अॅलिस’, म्हणजे १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीला दिलेलेच चित्रपट. ‘पिनोकिओ’ची कॅसेट १९८५ मध्ये सुमारे ८० डॉलर इतक्या चढ्या किमतीला आली. पुढच्या वर्षी ‘स्लीपिंग ब्यूटी’ ३० डॉलरच्या आत मिळू लागली आणि तिने मोठा खप साधला. हे अनुभव लक्षात घेऊन ‘सिंडरेला’ १९८८ मध्ये व ‘बाम्बी’ १९८९ मध्ये विक्रीस आले. प्रत्येक चित्रपट काही काळ विकून मग बाजारातून काढून घेतला जाई. सगळ्यात मौल्यवान ‘स्नो व्हाइट’ बराच उशिरा, १९९४ मध्ये कॅसेटवर आला. सात वर्षांचे चक्र चित्रपटगृहातून दुकानाच्या फळीवर आले, इतकाच काय तो फरक.

जुने करारही वाटेत आडवे आले. ‘लेडी अँड द ट्रॅम्प’साठी गाणी लिहिणाऱ्या व गाणाऱ्या पेगी ली यांच्या १९५० च्या दशकातील करारात ध्वनिचित्रफिती जनतेला विकण्याबाबत एक राखीव कलम होते. १९८७ मध्ये कॅसेट निघाल्यानंतर त्यांनी दावा केला आणि २० लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळवली. स्ट्राव्हिन्स्की यांच्या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाने ‘फॅन्टेसिया’च्या कॅसेटवरून १९९३ मध्ये न्यायालय गाठले. १९३९ च्या परवान्यात व्हिडिओचा समावेश होतो काय, हा प्रश्न वर्षानुवर्षे लढवला गेला. जन्माला न आलेल्या माध्यमाचे हक्क जपण्याची जी दूरदृष्टी डिस्ने यांनी दूरचित्रवाणीबाबत दाखवली, तीच आता कलावंत कंपनीविरुद्ध वापरीत होते. म्हणून कोणताही जुना चित्रपट तबकडीवर आणण्यापूर्वी त्याचे कागदपत्र तपासणे, हा निवडीचा पहिला टप्पा ठरला.

दुसरा टप्पा मूळ फिल्मच्या अवस्थेचा. येथे डिस्ने यांची जुनी काटेकोर पद्धत उपयोगी पडली. प्रत्येक रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून कृष्णधवल फिल्मवर लागोपाठ तीनदा टिपले जाई. रंगीत फिल्मचे रंग काळाबरोबर विटतात. कृष्णधवल नोंद मात्र टिकते आणि तिच्यातून मूळ रंग पुन्हा जुळवता येतात. १९९३ मध्ये ‘स्नो व्हाइट’ची प्रत्येक चौकट संगणकात उतरवून धूळ आणि ओरखडे पुसण्यात आले. संपूर्ण चित्रपटाची अशी डिजिटल डागडुजी त्यापूर्वी झाली नव्हती.

तिसरा टप्पा बाजाराचा. ९ ऑक्टोबर २००१ रोजी ‘स्नो व्हाइट’ची डीव्हीडी ‘प्लॅटिनम’ मालिकेतील पहिले पुष्प म्हणून बाजारात आली. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्याचे कंपनीने सांगितले. कॅसेटवर ज्यांनी विक्रीचे उच्चांक गाठले, त्यांनाच या मालिकेत स्थान होते. २००२ मध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, २००३ मध्ये ‘द लायन किंग’, २००४ मध्ये ‘अलादीन’, २००५ मध्ये ‘बाम्बी’ आणि ‘सिंडरेला’ आले. नाताळच्या खरेदीआधीचा ऑक्टोबर महिना प्रामुख्याने त्यासाठी राखून ठेवलेला असे. ‘अॅलिस’ आणि ‘डम्बो’ या मालिकेत कधीच आले नाहीत. १९५४ मध्ये पडलेले तिजोरीचे दोन कप्पे अर्धशतकानंतरही तसेच होते.

उरलेला टप्पा सर्वांत अवघड, कारण तो प्रतिष्ठेचा आहे. ‘साँग ऑफ द साउथ’ची कॅसेट जपान आणि युरोपात निघाली. अमेरिकेत मात्र तो घरगुती स्वरूपात कधीच विकला गेला नाही. २०२० मध्ये कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांनी तो आजच्या काळाला साजेसा नसल्याचे भागधारकांपुढे स्पष्ट केले. याउलट युद्धकाळातील प्रचारपट २००४ मध्ये चित्रपट इतिहासकार लेनर्ड मॉल्टिन यांच्या प्रास्ताविकासह संग्राहकांसाठीच्या डीव्हीडीवर आले. ‘डम्बो’, ‘पीटर पॅन’ आदी चित्रपटांना २०२० मध्ये पूर्वसूचना जोडण्यात आली. म्हणजे आक्षेपार्ह भाग समजावून सांगून दाखवण्याचा मार्ग कंपनीला ठाऊक होता. एका चित्रपटाबाबत तिने तो नाकारला. त्यात दुखावलेल्या समाजाचा मान राहिला हे खरे. त्याचबरोबर बॅस्केट यांचा ऑस्कर मिळवणारा अभिनय त्यांच्याच देशातील नव्या पिढ्यांपासून दूर राहिला, हेही तितकेच खरे.

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘डिस्ने प्लस’ ही सेवा सुरू झाली आणि सात वर्षांच्या चक्राचे प्रयोजन संपले. बहुतेक अभिजात चित्रपट बारमाही उपलब्ध झाले. तबकड्या संग्राहकांपुरत्या उरल्या. २०२३ मध्ये ‘सिंडरेला’ आणि ‘स्नो व्हाइट’ यांच्या अतिस्पष्ट फोर-के आवृत्त्या आल्या, तर २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतील डिस्क व्यवसाय कंपनीने सोनीकडे सोपवला. ज्या सोनीच्या व्हिडिओ यंत्राविरुद्ध आठ वर्षे खटला चालवला, त्याच समूहाकडे. त्याच वर्षी १ जानेवारीला ‘स्टीमबोट विली’वरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आणि मिकीचे ते पहिले रूप सर्वांचे झाले.

आणि ओस्वाल्ड? २००६ मध्ये आयगर यांनी एका नामवंत क्रीडा समालोचकाला युनिव्हर्सलच्या वाहिनीकडे जाऊ देण्याच्या मोबदल्यात अन्य सवलतींबरोबर तो ससाही परत मागून घेतला. वॉल्ट डिस्ने यांच्या हातून निसटलेले पात्र ७८ वर्षांनी त्यांच्या घरी आले. २००७ मध्ये ओस्वाल्डची कार्टूने डीव्हीडीवर काढण्यात आली, तेव्हा डिस्ने यांनी केलेल्या २६ लघुपटांपैकी जेमतेम निम्मेच त्यात देता आले. बाकीचे तेव्हा हाती लागत नव्हते. पुढे २०१४ मध्ये त्यातील एकाची प्रत नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली.

डिस्ने यांच्या आग्रहाची दोन्ही फळे या दोन टोकांना दिसतात. ज्यांच्यावर त्यांनी मालकी ठेवली ते चित्रपट चौकटीगणिक जपले गेले. म्हणूनच १९३७ ची हिमगौरी आजच्या मुलांना तितक्याच टवटवीत रंगांत भेटते. ज्यांची मालकी गेली ती कार्टूने कोणी सांभाळली नाहीत. पण मालक जे जपतो ते दाखवायचे की नाही, हेही मालकच ठरवतो. कॅन्सस सिटीच्या सभागृहात १९१७ साली वृत्तपत्रे टाकणाऱ्या मुलांसाठी ‘स्नो व्हाइट’ विनामूल्य दाखवला गेला नसता, तर यातले काहीच घडले नसते. तिजोरीची किल्ली हाती असणाऱ्या कोणत्याही स्टुडिओने पुढच्या यादीवर सही करताना तो खेळ आठवायला हरकत नाही.